सड्यावरची जादू : उपसा, भरणा आणि कडू पाणी

खडतर जग रचायचं म्हटलं की नवखा लेखक लगेच वाळवंट घेतो. कोल्हापूरकराला एवढं लांब जायची गरज नाही. पन्हाळ्याच्या पलीकडं मसाई पठारावर जुलैत एकदा जा आणि मे महिन्यात पुन्हा एकदा. जुलैत धुक्यात चार हातांवरचं दिसत नाही, कातळावरून पाणी खळाळत असतं. मेमध्ये त्याच कातळावर अनवाणी पाय टेकवत नाही. पाऊस भरपूर, पण माती वीतभरसुद्धा नाही, त्यामुळं पाणी थांबत नाही. कातळाच्या अशा उघड्या माळाला आपल्याकडं सडा म्हणतात. इथल्या ओल्या जागी दवबिंदू आणि सीतेची आसवं या वनस्पती किडे खाऊन जगतात, कारण जमीन त्यांना पुरेसं नत्र देत नाही. जग खडतर असलं की जगणारा प्रत्येक जीव हिशोबी होतो. मग त्या जगातली जादू बेहिशोबी कशी चालेल?

अद्भुतकथा लिहायला घेतलेल्यांसाठी आणि मित्रमंडळींत टेबलावर भूमिकांचा खेळ चालवणाऱ्यांसाठी हा लेख आहे. जादू किती भव्य दिसेल याची चिंता नंतर करा. ती नदीच्या पाण्यासारखी उपसली जाते, तिची किंमत कुणाच्या तरी शेतावर पडते, आणि तो शेतकरी कोण हे लेखकाला आकड्यांसकट माहीत हवं. साहित्य थोडंच लागतं: चौकटीची वही, पेन्सिल आणि साधा कॅल्क्युलेटर.

पायरी १ : टंचाई एकच ठरवा

थंडी, दुष्काळ, विषारी हवा, राक्षस असं सगळं एकदम घातलं की कुठलीच टंचाई वाचकाला बोचत नाही. एकच घ्या आणि ती आकड्यात लिहा. या लेखभर आपण एक सडा धरू: जून ते सप्टेंबर दरमहा ३०० मिलिमीटर पाऊस, ऑक्टोबर ते मे थेंबही नाही. त्यावर ५० घरांचं एक गाव.

पावसाचा आकडा हाताळायला सोपा असतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. एवढं पाठ असलं तरी निम्मं काम होतं.

पायरी २ : जादूचा उगम आणि एकक

उगम असा निवडा की जो भरतो, आटतो आणि मोजता येतो. तारे, चंद्र किंवा ‘आतली शक्ती’ यांचा मोठा तोटा हा की ते कधी संपत नाहीत, आणि जे संपत नाही ते जपायची वेळच येत नाही. दुसरं टोक म्हणजे बळी देऊन ताकद मिळवणं. हे आमच्या मते टाळावंच. महाराष्ट्रात २०१३ साली नरबळी आणि जादूटोण्याविरुद्ध कायदा झाला, तो खऱ्या माणसांचे खरे जीव गेले म्हणून. शिवाय रचनेच्या अंगानंही ही वाट कच्ची आहे. कापलेल्या बकऱ्याचा हिशोब एका दिवसात मिटतो; खालावलेल्या जमिनीचा नातवंडांपर्यंत चालतो, आणि आपल्याला लिहायचं आहे ते या दुसऱ्या हिशोबाबद्दल.

आपल्या सड्यावर उगम म्हणजे कातळात खोदलेल्या कुंडातल्या पाण्याची ऊब. जादूगार १५ लिटरची घागर वर काढतो, तिचं तापमान दहा अंशांनी उतरवतो आणि ती ऊब कामाला लावतो. एका घागरीतून सुमारे ६३० किलोज्यूल निघतात. दहा अंश ही मर्यादा आपणच घातलेली आहे, पण एकदा घातली की नायकासाठीसुद्धा मोडायची नाही.

मग गळती ठरवा. काढलेल्या उबेपैकी कामाला येतो फक्त चौथा हिस्सा. हा उदारपणाच झाला, कारण साध्या चुलीत लाकडाच्या उष्णतेतला दहावा ते सातवा भागच भांड्यात पोचतो. उरलेले तीन हिस्से आसपास पसरतात. दहा बाय दहा फुटांच्या बंद खोलीत एक घागर वापरली, तर भिंतींनी थोडी उष्णता घेतली तरी हवा दहाएक अंशांनी तापेल. म्हणून सड्यावरचा जादूगार बंद खोलीत काम करत नाही. तो वाऱ्याला उभा राहतो, आणि आजाऱ्याच्या उशाशी जादू करायची वेळ आलीच तर आधी दारं-खिडक्या उघडायला सांगतो. असे बारकावे नियमातून आपोआप निघतात, वेगळे शोधावे लागत नाहीत.

शेवटचा नियम सगळ्यांत महत्त्वाचा: वापरलेली घागर कडू होते. ते पाणी पिता येत नाही, पिकाला चालत नाही आणि त्यातून पुन्हा ऊबही निघत नाही. ते आटलं की मूठभर, म्हणजे ५० ग्रॅम, क्षार मागं राहतो.

पायरी ३ : कामांची किंमत काढा

इथं अंदाज हमखास चुकतो. एक टन वजनाचा धोंडा दहा मीटर वर उचलायचा म्हटलं की डोळ्यांसमोर घाम गाळणारा महान जादूगार येतो. हिशोब केला तर कामाला ९८ किलोज्यूल पुरतात. गळती धरली तरी ०.६ घागर. आता पावसात भिजलेलं लुगडं वाळवायचं. त्यात लिटरभर पाणी असेल तर ते उडवायला सुमारे २,४०० किलोज्यूल लागतात आणि गळतीसकट १५ घागरी जातात. एक लुगडं वाळवणं म्हणजे तोच धोंडा चोवीस वेळा उचलणं! लिटरभर पाणी उकळायला २ घागरी. उचलणं-ढकलणं स्वस्त, तापवणं महाग, वाळवणं सगळ्यांत महाग.

वहीत दहा रोजची कामं लिहा आणि प्रत्येकापुढं घागरी मांडा. लढाईची कामं शेवटी घ्या. आधी दळण, पाणी ओढणं, बाळंतिणीची खोली उबदार ठेवणं, छपराचा वासा चढवणं, आडात पडलेलं वासरू काढणं. यांतली निम्मी कामं जादूनं करण्यापेक्षा हातानं करणं परवडतं हे तुमच्या लगेच लक्षात येईल, आणि गावकऱ्यांच्याही ते केव्हाच लक्षात आलेलं असणार.

पायरी ४ : कुंडाचा ताळेबंद

कुंडात १,००० घागरी मावतात, म्हणजे १५ हजार लिटर. तोंड अडीच चौरस मीटर, खोली सहा मीटर. २० चौरस मीटर कातळावरचं पाणी त्यात उतरतं. पावसाळ्यात दरमहा २० × ३०० = ६,००० लिटर, म्हणजे ४०० घागरी. तिसऱ्या महिन्यात कुंड भरतं आणि पुढचं सांडव्यावरून जातं. उन्हाळ्याच्या बाजूला रोज सरासरी ५ मिलिमीटर बाष्पीभवन धरलं तर महिन्याला २५ घागरी हवेत जातात, आठ महिन्यांत २००.

तोंडाचं माप सहज म्हणून दिलेलं नाही. तेच कुंड उथळ आणि पाच चौरस मीटर तोंडाचं केलं तर ४०० घागरी नुसत्या उडून जातील. रुंद, सुंदर, कमळांनी भरलेलं जादूचं तळं चित्रात छान दिसतं; सड्यावर ते श्रीमंताचं उधळपण ठरेल. तसं तळं गोष्टीत हवं असेल तर कुणाच्या वाड्यात आहे ते सांगा.

आता वाटप. १,००० मधून बाष्पाचे २०० गेले. आणखी २०० राखीव, त्यांना हात लावायचा नाही. उरले ६००. आठ महिन्यांत दरमहा ७५, पन्नास घरांत प्रत्येकी दीड घागर. दीड घागरीत चहाचं लिटरभर आधणसुद्धा येत नाही. बघा, एवढ्यात गावाचा स्वभाव दिसायला लागला. कुणी आपला वाटा साठवून ठेवेल, कुणी लेकीच्या लग्नासाठी चार घरांचे वाटे उसने घेईल, कुणाच्या नावावर उसनवारी चढत जाईल.

वाईट वर्षी चार महिन्यांत मिळून ४५० मिलिमीटरच पडला तर आवक ६००. बाष्प आणि राखीव वजा जाता २००. दर घराला महिन्याला अर्धी घागर. राखीव साठ्याला हात लावायचा की नाही, यावर गावात भांडण पेटतं ते या वर्षी. गोष्ट इथून सुरू करा.

पायरी ५ : कडू पाणी जातं कुठं

पर्यावरणाचा विचार म्हणून बहुतेक लेखक ‘जादू केल्यावर जवळचं झाड वाळलं’ एवढ्यावर थांबतात. खरं नुकसान इतकं झटपट आणि इतकं जवळ क्वचितच होतं. शिरोळ तालुक्यातल्या क्षारपड जमिनी बघा. तिथं कुणी शेत जाळलं नाही. उसाला पाणी दिलं, भरपूर दिलं, पीकही जोमात आलं. निचरा मात्र नव्हता. जमिनीखालचं पाणी वर्षावर्षानं वर चढलं, आपल्याबरोबर क्षार घेऊन आलं, पाणी उडालं आणि क्षार वर राहिला. मग रानावर पांढरा थर, मग उगवण विरळ, मग काहीच नाही. जादा पाण्यानं पीक मरतं हे ऐकायला उलटं वाटतं, आणि म्हणूनच तो धडा जादूच्या जगात आणण्यासारखा आहे. संकट टंचाईतून येतं तसं जादूच्या सुकाळातूनही येतं.

आपल्या गावाचं गणित करा. वर्षाला ६०० घागरी म्हणजे ३० किलो क्षार, कोल्हापुरी गुळाच्या एका मोठ्या रव्याएवढा, म्हणजे ढेपेएवढा. ऐकायला किरकोळ. वीस वर्षांत ६०० किलो. हे सगळं कडू पाणी एकाच गुंठ्यात ओतत गेलात तर दर चौरस मीटरला सहा किलो क्षार. त्या गुंठ्यात गवतही धरणार नाही.

वाटा तीन आहेत. कातळावर ओतून द्यायचं: पहिल्या पावसात ते खालच्या गावाच्या ओढ्यात उतरतं आणि वरच्या गावाला पत्ताही लागत नाही. मातीत मुरवायचं: वर सांगितलं तेच होतं, फक्त आपल्याच दारात. तिसरी वाट कष्टाची, पण जबाबदार गाव तीच धरेल: मिठागरासारखे उथळ वाफे. महिन्याच्या ७५ घागरी म्हणजे १,१२५ लिटर. महिन्याला १५० मिलिमीटर उडत असेल तर साडेसात चौरस मीटर पुरतात. क्षार वाढला की पाणी हळू उडतं, म्हणून दहा धरा. वाफे ऑक्टोबरपासून भरायचे, मेच्या मध्यापासून नवं पाणी सोडायचं नाही, वळवाच्या आधी क्षार खरवडून छपराखाली न्यायचा.

इथं चुका होतात त्या अशा. वाफा खोल केला की तळाचं पाणी उडत नाही आणि पाऊस ते उचलून नेतो. वाफ्याच्या कडेला भेग असली की कडू पाणी कातळाच्या फटीतून पिण्याच्या झऱ्याला लागतं, आणि हे कळतं दोन-तीन वर्षांनी. आणि सगळ्यांत नेहमीची चूक: खरवडायचं काम गावातल्या एकाच गरीब घराच्या गळ्यात पडतं. त्या घराच्या हातांना चिरा पडलेल्या दाखवा. जादूचा कचरा कोण उचलतं हे न लिहिता पर्यावरणाबद्दल लिहिणं अर्धवट आहे.

बिघडलेली जमीन सुधारते का? सुधारते, पण मंत्रानं एका रात्रीत नाही. आपल्याकडं उघडे चर काढतात, जमिनीखालून सच्छिद्र पाईप टाकून निचरा करतात, चोपण जमिनीला जिप्सम घालतात, ताग-धैंचा गाडतात. क्रम महत्त्वाचा: आधी निचरा, मग गोड्या पाण्यानं धुणं. निचरा नसताना पाणी सोडलं तर दुखणं वाढतं. तुमच्या जगातला बरं करणारा जादूगारही हाच क्रम पाळू दे. घाई करणाऱ्या शिकाऊ पोरानं आधी पाणी सोडलं, हा एक चांगला प्रसंग होऊ शकतो.

पायरी ६ : पाऊस ओढायचा असेल तर

सगळ्यांना पाऊस पाडणारा जादूगार हवा असतो. एका एकरावर २५ मिलिमीटर म्हणजे एक लाख लिटरवर पाणी. हे पाणी नव्यानं जन्माला येत नाही. वारा ते पुढच्या कुणाकडं तरी घेऊन चाललेला असतो. सह्याद्री हेच करतो. गगनबावड्याला ढग रिते होतात आणि त्याच जिल्ह्यात पूर्वेला शिरोळपर्यंत पाऊस त्याच्या एका लहानशा हिश्श्यावर येतो. पाऊस ओढणारा जादूगार म्हणजे हलता डोंगर. त्याच्या पाठीमागं पर्जन्यछाया पडते, आणि त्या छायेत माणसं राहतात.

दुसरी गोष्ट उष्णतेची. वाफेचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते. एवढ्या पावसामागं ती सुमारे १६ टन वाळलेल्या लाकडांच्या जाळाएवढी भरते. ती वर ढगातच सुटते, हवा आणखी जोरानं वर चढते, आणि शांत सरींच्या जागी गारांचा वळीव उभा राहतो. म्हणून घाईनं ओढलेला पाऊस पीक झोपवतो. नियमात एवढंच लिहा: पाऊस ओढायचा तर तीन दिवस पुरवून ओढावा, आणि वाऱ्याच्या पुढच्या गावाला आधी निरोप जावा.

पायरी ७ : कायदा पाण्याचा, जादूला लावा

इथं कोल्हापूरच्या माणसाला काहीच शोधावं लागत नाही, सगळं नदीकाठी आहे. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा घ्या. पावसाळा सरला की बर्गे, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या फळ्या, घालून पाणी अडवतात, पुन्हा पावसाळ्याच्या तोंडावर बर्गे काढतात, म्हणजे पूर आणि गाळ मोकळा जातो. जादू अडवणाऱ्या तुमच्या दगडी चौकटीलाही असेच बर्गे ठेवा. ते वेळेवर काढले नाहीत तर साठलेली ऊब कुठून फुटेल? राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाण्याचा दाब पुरेसा झाला की ते आपोआप उघडतात, कुणाच्या हुकमाची वाट बघत नाहीत. माणसाच्या लोभावर न विसंबणारी अशी एक तरी सोय तुमच्या जगात हवी.

पातळीच्या खुणा दोन करा. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी. जुलैत शहरभर ‘किती फुटावर आलं?’ एवढाच प्रश्न असतो, आणि २०१९ आणि २०२१ चे पूर बघितलेल्यांना त्या आकड्यांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. कुंडाच्या भिंतीवरही वर-खाली अशा खुणा कोरा. ४०० घागरींना इशारा: सणासमारंभाची जादू बंद. २०० ला उपसाबंदी: फक्त बाळंतपण, साप चावलेला माणूस आणि आग. पाटाचं पाणी वाटणाऱ्या पाटकऱ्यासारखा एक माणूस पाळी लावणार, आणि त्याच्यावर पक्षपाताचा आरोप होणार, हे धरूनच चाला.

शिवाय एक जागा कायमची बंद ठेवा. सह्याद्रीतल्या कितीतरी देवरायांत कुऱ्हाड चालत नाही, पडलेलं लाकूडही कुणी घरी नेत नाही. सड्यावर एक कुंड असं असू दे की ज्यात घागर बुडतच नाही. बाकीची कुंडं आटली तर बेडूक, खेकडे आणि पाणवनस्पती तिथूनच परत पसरतील. त्याला गावकरी देवाचं म्हणोत किंवा आजीचं.

पायरी ८ : चिपाडाची जादू

शेवटी थोडं बचतीचं. गुऱ्हाळावर एकदा तासभर उभं राहा. उसाचा रस काहिलीत जातो, आणि तो आटवायला जळण म्हणून चुलवाणात त्याच उसाची वाळलेली चिपाडं जातात. बाहेरचं लाकूड जवळजवळ लागत नाही. रस साफ करायला भेंडीचा चिकट रस घालतात, वर आलेली मळी काढतात, पाक ११८ अंशांच्या आसपास आला की गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, काहील उतरवायला सांगतो. तापमापक नसतो, तो पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून बोटांनी बघतो. जळव्यानं ओली चिपाडं घातली तर धूर होतो, आच पडते, रस रेंगाळतो आणि गूळ काळपट येतो.

जादूच्या मोठ्या कामाची रचना अशीच करा: एका कामाचं उरलेलं हेच पुढच्या कामाचं जळण. धोंडा उचलताना जे तीन हिस्से ऊब वाया जाते, ती वाफ्यांवरून खेळवली तर कडू पाणी लवकर उडतं. त्यासाठी धोंड्याचं काम वाफ्यांच्या वाऱ्याकडच्या बाजूला आणि दिवसा ठेवावं लागतं. मोठा जादूगार एकटा काही करू शकत नाही हेही यातून कळतं. त्याला आच सांभाळणारा जळव्या लागतो, आणि जळव्या चुकला तर गुळव्याची सगळी विद्या वाया.

पायरी ९ : तीन वर्षं चालवून बघा

वहीच्या एका पानावर बारा महिन्यांचे बारा स्तंभ करा. ओळी पाच: आवक, बाष्प, उपसा, कडू पाणी, शिल्लक. पहिलं वर्ष नेहमीचं, दुसरं वाईट, तिसरं पुन्हा नेहमीचं. आकडे भरताना तीन गोष्टी तपासा. शिल्लक कुठल्या महिन्यात २०० खाली गेली? त्या महिन्यात गावात कोण जादू करत होतं आणि कशासाठी? आणि वाफ्यातला क्षार मेअखेर खरवडून झाला का? तिसऱ्या वर्षीही शिल्लक पहिल्या वर्षाएवढी येत नसेल तर नियम ढिले आहेत. गळती वाढवू नका, उपसा कमी करा. उलट शिल्लक कधीच इशाऱ्याखाली जात नसेल तर घरं पन्नासाची सत्तर करा, कारण सुबत्ता असली की लोक येऊन वसतातच.

खेळ चालवत असाल तर हे पान खेळाडूंना दाखवू नका. त्यांना कुंडाची भिंत दाखवा, पाणी कुठल्या खुणेपर्यंत आहे ते सांगा, आणि महिना एप्रिल आहे एवढंच सांगा.